‘पीएमपी’ परीक्षा : पाठांतर कमी, अनुभवाची पारख अधिक

बांधकाम, माहिती तंत्रज्ञान, औषधनिर्मिती, ऊर्जा अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या क्षेत्रांतील नोकरीच्या जाहिरातींत ‘पीएमपी असल्यास प्राधान्य’ ही ओळ आढळते. ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ या प्रमाणपत्राचे हे संक्षिप्त नाव. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’ अर्थात पीएमआय ही संस्था १९८४ पासून ते देत आहे. या परीक्षेची चर्चा बहुधा पुस्तके आणि सराव-प्रश्नसंच यांभोवतीच फिरते. उमेदवार मात्र अडखळतात ते अर्ज भरताना आणि प्रश्नाचा रोख ओळखताना. या दोन्ही ठिकाणी पाठांतर कामी येत नाही.

पात्रतेचा मूळ निकष अनुभवाचा आहे. पदवीधर उमेदवाराला प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा किमान ३६ महिन्यांचा, तर केवळ माध्यमिक शिक्षण झालेल्याला ६० महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. एकाच वेळी दोन प्रकल्प चालू असतील, तर ते महिने एकदाच मोजले जातात. खरी गफलत ‘प्रकल्प’ या शब्दापाशी होते. प्रकल्पाला आरंभ असतो, अंत असतो आणि त्यातून काहीतरी नवे उभे राहते. कारखान्यातील यंत्रांची दरमहा देखभाल करणे हा प्रकल्प नव्हे. त्याच कारखान्यात नवी उत्पादन-साखळी बसवणे हा प्रकल्प. बँकेच्या शाखेचे दैनंदिन कामकाज पाहणे यात बसत नाही; शाखांची जुनी संगणकप्रणाली बदलून नवी कार्यान्वित करणे बसते. पंधरा वर्षे नोकरी झालेल्या माणसाच्या गाठी असे ३६ महिने असतीलच असे नाही. उलट ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ हे पद कधीच न मिळालेल्या स्थापत्य अभियंत्याकडे ते सहज निघू शकतात, कारण येथे पदनामापेक्षा प्रत्यक्ष पार पाडलेली जबाबदारी पाहिली जाते.

म्हणून अर्जातील प्रकल्पांचे वर्णन हीच तयारीची पहिली पायरी मानावी. प्रकल्पाचे उद्दिष्ट, उमेदवाराने स्वतः घेतलेले निर्णय, हाताळलेले वेळापत्रक, खर्च व माणसे आणि अखेरचे फलित हे सारे मोजक्या वाक्यांत यावे लागते. ‘समन्वय साधला’, ‘सहकार्य केले’ असली मोघम वाक्ये येथे दुबळी ठरतात. कोणाशी, कशासाठी आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे लिहिले पाहिजे.

काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात. त्या वेळी पदवीचे व प्रशिक्षणाचे पुरावे आणि नमूद केलेल्या प्रत्येक प्रकल्पाची माहिती असलेल्या व्यक्तीचे प्रमाणन ९० दिवसांत सादर करावे लागते. वारंवार नोकरी बदलणाऱ्यांची येथे अडचण होते. जुने वरिष्ठ परदेशी गेलेले असतात, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते, जुना ई-मेल बंद पडलेला असतो. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच अशा व्यक्तींशी संपर्क साधून ठेवणे शहाणपणाचे. अनुभवपत्रे ‘तयार करून’ देणारे मध्यस्थ याच धास्तीचा फायदा घेतात. त्यांच्या नादी लागणे म्हणजे पुढची दारे आपल्याच हाताने बंद करून घेणे होय.

अनुभवाच्या जोडीला ३५ तासांचे औपचारिक प्रशिक्षण अनिवार्य आहे. ते मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून, विद्यापीठातून, नोकरीच्या ठिकाणी किंवा अखेरीस चाचणी असलेल्या ऑनलाइन वर्गातून घेता येते. घरी बसून केलेले वाचन मात्र यात धरले जात नाही. अर्ज मंजूर झाल्यावर परीक्षेसाठी एक वर्षाची मुदत मिळते आणि त्या वर्षात तीन वेळा प्रयत्न करता येतो. संस्थेच्या सदस्यांना परीक्षाशुल्क कमी पडते, त्यामुळे सदस्यत्वाचा खर्च धरून हिशेब आधीच करावा.

अभ्यास सुरू करण्यापूर्वी आपल्या हातातील साहित्य कोणत्या आराखड्यावर बेतलेले आहे, हे तपासणे अत्यावश्यक आहे. जानेवारी २०२१ मध्ये लागू झालेल्या आराखड्यात ‘माणसे’ या विभागाला ४२ टक्के, ‘प्रक्रिया’ला ५० टक्के आणि ‘व्यावसायिक परिस्थिती’ला केवळ ८ टक्के वाटा होता. जुलै २०२६ पासूनच्या नव्या आराखड्यासाठी संस्थेने हे प्रमाण अनुक्रमे ३३, ४१ आणि २६ टक्के असे जाहीर केले. तिसऱ्या विभागाचा वाटा तिपटीहून अधिक वाढला आहे. कार्यालयातील ज्येष्ठ सहकाऱ्याने प्रेमाने दिलेली टिपणवही येथे दगा देऊ शकते.

संस्थेच्या ‘पीएमबोक’ या मार्गदर्शक ग्रंथाचीही हीच गोष्ट. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या आणि प्रत्येकीची साधने व फलिते मुखोद्गत करण्याची प्रथा शिकवणी वर्गांत रूढ झाली होती. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने ती चौकट बाजूला ठेवून १२ तत्त्वे आणि कामगिरीची ८ क्षेत्रे मांडली. जुने कोष्टक समजून घेण्यात तोटा नाही, पण ते घोकण्यात महिनाभर घालवणे परवडणारे नाही.

प्रश्न बहुतांशी प्रसंगावर आधारित असतात. समजा, ग्राहकाने प्रकल्प-व्यवस्थापकाला न विचारता थेट एका प्रोग्रामरला ‘छोटासा बदल’ सांगितला. व्यवस्थापकाने सर्वप्रथम काय करावे? नोकरीतली सवय सांगते, ग्राहक महत्त्वाचा आहे तर बदल करून टाकावा, नाहीतर साहेबांच्या कानावर घालावे. परीक्षेत हे दोन्ही पर्याय सहसा चुकतात. आधी सगळे नियोजन करून चालणाऱ्या प्रकल्पात त्या बदलाचा वेळ, खर्च व दर्जा यांवरील परिणाम तपासून तो बदल-नियंत्रणाच्या रीतसर मार्गाने न्यावा लागतो. ‘अ‍ॅजाइल’ पद्धतीत तीच मागणी ‘प्रॉडक्ट ओनर’कडे जाते आणि कामांच्या यादीत तिचा अग्रक्रम तो ठरवतो. प्रसंग एकच, उत्तरे दोन. कोणते योग्य, हे प्रश्नातील एखाद-दुसऱ्या शब्दावरून ओळखायचे असते. वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहण्याच्या कार्यसंस्कृतीत मुरलेल्या अनुभवी माणसालाच हे वळण घेणे अधिक जड जाते.

गणिताची भीती मात्र अनाठायी आहे. एक कोटी रुपयांच्या, दहा महिन्यांच्या बांधकामाचे उदाहरण घेऊ. चौथ्या महिन्याअखेर ४० लाखांचे काम व्हायला हवे होते, झाले ३० लाखांचे आणि खर्च झाला ३६ लाख. झालेल्या कामाच्या मूल्याला खर्चाने भागले की ०.८३ हा खर्च-निर्देशांक मिळतो. नियोजित कामाच्या मूल्याने भागले की ०.७५ हा वेळापत्रक-निर्देशांक. दोन्ही एकपेक्षा कमी, म्हणजे काम महागही पडते आहे आणि रेंगाळलेही आहे. खर्चाची हीच गती राहिली, तर एक कोटीचे काम १ कोटी २० लाखांवर जाईल. परीक्षेत आकडेमोडीपेक्षा या आकड्यांचा अर्थ लावण्याला महत्त्व असते.

२०२१ च्या आराखड्यात १८० प्रश्नांसाठी २३० मिनिटे होती, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून किंचित अधिक. दहा-दहा मिनिटांच्या दोन विश्रांती मिळत आणि विश्रांतीनंतर आधीच्या प्रश्नांकडे परतता येत नसे. मराठीतून ही परीक्षा देता येत नाही. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराने लांबलचक इंग्रजी प्रसंग झरझर वाचण्याचा सराव स्वतंत्रपणे करायला हवा. पूर्ण लांबीच्या तीन-चार सराव-परीक्षा एका बैठकीत सोडवल्या, तर वेळेचा अंदाज येतो. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी आपण तो पर्याय का निवडला हे लिहून ठेवले, की चुकांचा पॅटर्न दिसू लागतो.

मुंबई आणि पुण्यासह देशातील अनेक शहरांत संस्थेच्या शाखा असून तेथे अभ्यासगटांतील सोबती भेटू शकतात. उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात, हे संस्था प्रसिद्ध करत नाही. निकालात प्रत्येक विभागातील कामगिरीची श्रेणी कळते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि ते टिकवण्यासाठी त्या काळात ६० व्यावसायिक विकास गुण, म्हणजेच ‘पीडीयू’, मिळवावे लागतात.