प्रात्यक्षिकाच्या जर्नलचं कूळ

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुलांची शेवटच्या वर्षी एक धावपळ ठरलेली असते. जर्नल पूर्ण करायचं, मॅडमची सही मिळवायची, एक्स्टर्नलसमोर व्हायवा द्यायची. पालघर जिल्ह्यातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न, त्यामुळे बोईसरहून गाडी पकडून कॉलेज गाठणाऱ्यांच्या नशिबीही हेच. जर्नलाची मांडणी ठरून गेलेली: समस्या, अभ्युपगम (हायपोथेसिस), साहित्य, सूचना, कार्यपद्धती, तक्ता, निष्कर्ष. त्यातच कुठेतरी एक छोटं टिपण असतं, प्रयोग चालू असताना प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला, काय वाटलं याचं. बहुतेक मुलं ते दोन ओळींत उरकतात. माझ्या मते जर्नलातला सर्वांत जुना आणि मोलाचा भाग तोच आहे.

त्याचं मूळ जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात सापडतं. विल्हेल्म वुण्ट यांनी 1879मध्ये तिथे प्रयोगशाळा सुरू केली. सत्राच्या आरंभी ते विद्यार्थ्यांना संशोधनाचे विषय वाटून देत आणि गट पाडून देत. गटात एक जण उपकरण सांभाळी, दुसरा प्रयुक्त होई. पुढे भूमिका बदलत. खुद्द वुण्टही विद्यार्थ्याच्या प्रयोगात प्रयुक्त म्हणून बसत. ज्याचं मन तपासायचं तो प्रशिक्षित निरीक्षकच हवा, अशी तेव्हाची धारणा होती. त्यामुळे प्रयुक्ताचं म्हणणं हाच पुरावा ठरे.

याच प्रयोगशाळेत जेम्स मकीन कॅटेल हा अमेरिकी तरुण आला. नेमून दिलेला विषय न घेता त्याने स्वतःचा प्रश्न धरला: माणसामाणसांच्या प्रतिक्रिया-काळात फरक किती आणि का? वुण्टना हे खास अमेरिकी वाटलं, पण त्यांनी अडवलं नाही. 1886मध्ये कॅटेलला डॉक्टरेट मिळाली. विद्यार्थ्याने प्रश्न स्वतः निवडावा, वाचन स्वतः करावं आणि गुरूने लक्ष ठेवावं, या पद्धतीचं इतकं स्पष्ट उदाहरण मला त्या काळात दुसरं दिसत नाही.

वुण्टचेच शिष्य एडवर्ड टिचनर कॉर्नेलला गेले आणि त्यांनी 1901 ते 1905 या काळात प्रात्यक्षिकांच्या मार्गदर्शिका छापल्या. विद्यार्थ्यासाठी वेगळी, शिक्षकासाठी वेगळी. पदवीच्या वर्गात बसून नेमलेला प्रयोग जोडीने करायचा, ही शिस्त अशा पुस्तकांनी पक्की केली.

भारतात ही प्रयोगविद्या दोन वाटांनी आली आणि दोन्ही वाटा लाइपझिगहूनच निघतात. नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले; म्युन्स्टरबर्ग वुण्टचे विद्यार्थी. त्यांच्या पुढाकाराने 1915मध्ये कलकत्ता विद्यापीठात देशातली पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा झाली, 1916मध्ये स्वतंत्र विभाग. दुसरी वाट म्हैसूरची. तिथे 1924मध्ये विभाग सुरू करणारे एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली तयार झाले होते, आणि स्पिअरमन यांनीही डॉक्टरेट वुण्टकडेच केली होती. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचा विभाग 1950चा आणि मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग 1959चा.

त्याआधी आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी तत्त्वज्ञानाच्या छायेत शिकवला जाई. पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांच्या पिढीने मन समजून घेतलं ते ग्रंथांतून आणि चिंतनातून. पुढच्या पिढीच्या हाती त्याच मनासाठी स्टॉपवॉच आलं.

आता जर्नलातला आरसा-रेखाटनाचा प्रयोग बघा. टेबलावर चांदणीची दुहेरी रेघ असलेली आकृती, मध्ये आडोसा, समोर आरसा. प्रयुक्ताला हात थेट दिसत नाही, दिसतो तो आरशातला. पेन्सिल पुढे न्यायला जावं तर ती मागे येते. कोपऱ्यावर हात थिजतो, रेघ दातेरी होते. शेजारी बसलेला प्रयोगकर्ता सेकंद मोजतो आणि चुका टिपतो. चार-सहा फेऱ्यांनंतर वेळ उतरते, चुकाही उतरतात. मग हात बदलून पाहिलं तर एका हाताचा सराव दुसऱ्या हातालाही काही अंशी मिळालेला दिसतो. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी हेच काम एच. एम. या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तीन दिवस दिलं. रोज आकृती त्याला नवी वाटे, तरी हात सुधारत गेला. आठवण वेगळी आणि कौशल्य वेगळं, हे त्यातून कळलं.

पुढच्या तासाला जोडी उलटते. काल चुका मोजणारी मुलगी आज आरशापुढे बसते, आणि कुणी आपल्याला मोजत असताना पोटात काय होतं ते तिला समजतं. उद्या समुपदेशनाला किंवा कंपनीच्या मनुष्यबळ विभागात गेल्यावर तिला हीच समज लागणार आहे. म्हणून ते दोन ओळींचं टिपण मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

आता कॅटेलसारखा स्वतःचा प्रश्न निवडण्याबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022च्या आराखड्यात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची सोय आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण असणाऱ्याला 12 श्रेयांकांचा प्रकल्प मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करता येतो. म्हणजे कॅटेलने स्वतःहून घेतलेली मोकळीक आता नियमात आली आहे. पण ती हुशार गणल्या गेलेल्यांपुरती आणि चौथ्या वर्षापर्यंत का थांबावी?

बोईसरच्या मुलांना विषय शोधायला लांब जावं लागत नाही. शेजारच्या तारापूर एमआयडीसीमुळे पाळीत काम करणारी माणसं घरात नाही तर शेजारात असतातच. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा प्रतिक्रिया-काळ किती बदलतो? तासन्‌तास पडद्यावर नजर ठेवणाऱ्याचं अवधान कधी ढळतं? नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948मध्ये रडारवाल्यांच्या संदर्भात हाच प्रश्न घेतला होता. घड्याळासारख्या तबकडीवरची काट्याची दुहेरी उडी पकडायला सांगितल्यावर अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून ती अधिक वेळा सुटू लागली.

मानसशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. नेमलेले प्रयोग होऊ द्या, पण तिसऱ्या वर्षी एक प्रयोग मुलांना स्वतः निवडू द्या. त्याआधी चार शोधनिबंध वाचायला लावा, प्रयुक्ताची लेखी संमती घ्यायला शिकवा, आणि जर्नल तपासताना प्रयुक्ताच्या टिपणालाही गुण ठेवा.