हरलेल्याचं नाव

इतिहास जिंकणाऱ्यांचाच असतो, असं आपण सहज बोलून जातो. बुद्धिबळाच्या पटावर हे विधान जरा तपासून पाहू.

१९१८ची न्यूयॉर्कची स्पर्धा. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळतोय क्यूबाचा कापाब्लांका, समोर अमेरिकेचा फ्रँक मार्शल. सुरुवात ‘रुय लोपेझ’, म्हणजे स्पॅनिश. आठव्या चालीला मार्शलने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं आणि राजापुढचं प्यादं चक्क देऊ केलं. मोबदला काय? पांढऱ्या राजावर थेट हल्ला. समोरचा घरून तयारी करून आलाय हे कापाब्लांकाने ओळखलं, तरी प्यादं घेतलं. एकेक घाव परतवत ३६व्या चालीला डाव जिंकला.

मार्शलने ही चाल वर्षानुवर्षं कापाब्लांकासाठी लपवून ठेवली होती, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पुरावा कच्चा आहे. ती बाजूला ठेवू.

आता प्रश्न असा: या डावात नेमकं काय हरलं? मार्शलने अकराव्या चालीला घोडा मागे नेला होता. पुढे खेळाडूंनी घोडा तिथेच ठेवून त्याला प्याद्याचा आधार दिला, आणि हल्ला पुन्हा उभा राहिला. आज ‘मार्शल अटॅक’ नको म्हणून मोठमोठे खेळाडू आठव्या चालीलाच वाट बदलतात.

म्हणजे खोडली गेली ती एक चाल. विचार टिकला, तोही हरलेल्याच्या नावाने. एका पराभवावरून अख्खा विचार निकालात काढण्याआधी आपण एवढं तरी विचारायला हवं: चूक कितव्या चालीला झाली?