तंजावरचे मोडी रुमाल आणि माझी एक सही



मागच्या भागात आपण शहाजीराजांच्या बेंगळुरूबद्दल बोललो. त्यावर अनेकांनी एकच प्रश्न विचारला, ‘साहेब, त्या दरबाराचे कागद आज कुठे आहेत?’ आजचा भाग त्या प्रश्नासाठी. उत्तर शोधायला आपल्याला बेंगळुरूहून तंजावरला जावं लागेल. आणि वाटेत मला माझी एक चूक सांगावी लागेल.

आधी उजळणी करू. 1638 साली विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या हाताखाली केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी होता. त्याचं ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य वि. का. राजवाड्यांनी 1922 साली मोठी प्रस्तावना लिहून छापलं. संस्कृत, मराठी, कन्नड, हिंदी, फारसी अशा कितीतरी भाषांची ये-जा या दरबारात होती, हे आपल्याला त्या काव्यामुळे समजतं. म्हणजे बेंगळुरू बहुभाषिक झालं ते सॉफ्टवेअर कंपन्या आल्यावर, असं कुणी म्हणालं तर त्याला जयरामाचं नाव सांगा.

पण काव्य वेगळं आणि दप्तर वेगळं. कुणाला किती पगार दिला, कोठारात किती धान्य होतं, कोणाची तक्रार आली, हे कवी सांगत नाही. ते कारकून लिहून ठेवतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांनी 1675-76च्या सुमारास तंजावर घेतलं. 1687 साली बेंगळुरू मोगलांकडे आणि लगेच म्हैसूरच्या वडियारांकडे गेलं. तंजावरचं मराठी राज्य मात्र 1855 पर्यंत टिकलं. दक्षिणेतल्या भोसल्यांचा कारभार कागदावर पाहायचा असेल, तर तो तंजावरला पाहायचा.

हे कागद मराठीत आहेत, पण लिपी मोडी. मोडी लिहिणारा आधी पानावर आडवी रेघ ओढून घेतो आणि बोरू फारसा न उचलता त्या रेघेखाली लिहीत जातो. दोन शब्दांत जागा सोडत नाही. इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाही. सालही बरेचदा सुहूर सनात असतं आणि आकडा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. त्यात महिन्याप्रमाणे 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन निघतो. लिहिणाऱ्याचं काम त्यामुळे भराभर व्हायचं. वाचणाऱ्याला मात्र सराव लागतो. विसाव्या शतकात छपाई, शाळा आणि सरकारी कचेऱ्या बाळबोध लिपीवर आल्या आणि मोडी मागे पडली. माझ्या आजोबांना ती येत होती. वडिलांना थोडीफार यायची. मला अजिबात येत नव्हती.

आता ती चूक सांगतो. मी तरुण कॅप्टन होतो. एका जुन्या छावणीत आमच्या युनिटला काही इमारती ताब्यात मिळाल्या. एका कोठीत जुन्या कागदांचे ढीग होते. फौजेत कागद फेकण्याचीही रीत असते. तीन अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं, यादी होते, ‘उपयोग नाही’ असा शेरा पडतो, सह्या होतात आणि कागद जाळले जातात. त्या बोर्डावर मी सर्वांत कनिष्ठ सभासद होतो. ढिगात लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं निघालं. आमचे एक हवालदार साताऱ्याकडचे होते. ते म्हणाले, ‘साहेब, ही मोडी आहे. आमच्या घरी वतनाच्या कागदावर असलंच अक्षर आहे. कुणाला तरी दाखवू या का?’ मी विचारलं, ‘तुम्हाला वाचता येतं का?’ ते म्हणाले, ‘नाही साहेब.’ मलाही येत नव्हतं. यादीत मी लिहिलं, ‘जुने कागद, अवाचनीय’, आणि सही केली. संध्याकाळी गाठोडं जळालं.

त्यात काय होतं ते आता कधीच कळणार नाही. कदाचित नुसता चारा-वैरणीचा हिशेब असेल. पण ‘अवाचनीय’ हा शब्द मला पुढे अनेक वर्षं टोचत राहिला. दोष कागदाचा नव्हता. तो मला वाचता येत नव्हता, एवढंच.

निवृत्तीनंतर बेंगळुरूत स्थायिक झालो आणि ऑनलाइन वर्गात मोडी शिकायला बसलो. वर्गात सर्वांत म्हातारा विद्यार्थी मीच. सहा महिन्यांत अक्षरं जुळू लागली. मग एका रात्री गाडी पकडली आणि सकाळी तंजावरला उतरलो.

पहिला मुक्काम बृहदीश्वराचं मंदिर. तिथल्या भिंतीवर 1803 साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. दगडावरची मराठी पाहायला पर्यटक येतात, फोटो काढतात. दुसरा मुक्काम राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय. 1918 साली ते सर्वांसाठी खुलं झालं. सरफोजीराजे 1798 ते 1832 गादीवर होते. सत्ता इंग्रजांच्या हातात गेलेली, म्हणून त्यांनी आपलं सगळं लक्ष विद्येकडे वळवलं. त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि 1806 साली इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ छापलं. पुण्या-मुंबईत मराठी छपाई रुजायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह केलेली टिपणंही या संग्रहात आहेत. आणि याच परंपरेत राज्यकारभाराच्या मोडी कागदांची शेकडो गाठोडी.

पण मला ज्यासाठी जायचं होतं ते ठिकाण गावाबाहेर आहे. ते म्हणजे तमिळ विद्यापीठ. 1981 साली तमिळ भाषा आणि साहित्याच्या अभ्यासासाठी ते स्थापन झालं. तिथे ताडपत्रांचा विभाग आहे, तसा दुर्मिळ कागदी हस्तलिखितांचाही आहे. या दुसऱ्या विभागात मोडी कागदांचं काम होतं. तमिळ विद्यापीठात मराठी दप्तर! सुरुवातीला मलाही गंमत वाटली. मग त्यांच्या कामाची माहिती घेतली. 1984 साली के. एम. वेंकटरामय्या यांचा तंजावरच्या मराठा राजांचा राज्यकारभार आणि समाजजीवन यांवरचा मोठा तमिळ ग्रंथ विद्यापीठाने काढला. त्याचा आधार हे मोडी कागद. नंतर 1989 साली खुद्द मोडी कागदांचे तमिळ अनुवाद टिपांसह खंडांत छापले गेले.

यात युद्धं कमी आणि रोजचं जगणं जास्त. छत्रात, म्हणजे यात्रेकरूंसाठीच्या अन्नछत्रात, झालेला खर्च, देवळांतले उत्सव, नर्तकी आणि वादकांचे पगार, औषधं, अर्ज, तक्रारी. हा इतिहास जितका भोसल्यांचा, तितकाच कावेरीकाठच्या तमिळ माणसाचा. कारकून मराठी, पण ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते बहुतेक तमिळ. म्हणून तो तमिळमध्ये जाणं अगदी योग्यच होतं.

तिथे एका तरुण अभ्यासकाने मला एका जमाखर्चाची प्रत दाखवली. त्याची मातृभाषा तमिळ. त्याने बोट ठेवून सरळ वाचायला सुरुवात केली. मी त्याच्या मागे धडपडत होतो. एका शब्दावर तो अडला. मी म्हणालो, ‘बेरीज.’ तो हसला आणि त्याने वहीत टिपून घेतलं. त्याला लिपी येत होती, मला भाषा येत होती. दोघांनी मिळून एक पान पुरं केलं. मला तेव्हा आमचे हवालदार आठवले. त्यांनी सांगितलं होतं तेच खरं होतं, ‘कुणाला तरी दाखवू या.’

मंडळी, दप्तर फक्त कपाटात ठेवून वाचत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तराचं उदाहरण घ्या. 1930 ते 1934 या काळात गो. स. सरदेसाईंनी त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले, म्हणून ते दप्तर अभ्यासकांच्या हाती आलं. पण निवड करायलाही आधी कुणीतरी वाचावं लागतं. वाचणारा संपला की चांगला जपलेला कागदसुद्धा माझ्यासारख्या एखाद्या कॅप्टनच्या यादीत ‘अवाचनीय’ ठरतो.

म्हणून आज तीन विनंत्या. पहिली, घरात, वाड्यात, देवळात मोडी कागद निघाले तर फेकू नका, विकू नका. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. स्वच्छ सुती कापडात बांधा आणि गाठोड्यातला क्रम मोडू नका. दुसरी, प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि कागद कुठे, कुणाकडे सापडला ते लिहून ठेवा. तिसरी, मोडी शिका. महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, ऑनलाइन वर्गही आहेत. तुम्ही बेळगाव, हैदराबाद, बडोदा, इंदूर, कुठेही असा. आपल्या आजोबा-पणजोबांचे कागद सगळीकडे आहेत.

माझ्या हातून एक गाठोडं गेलं. ते परत येणार नाही. सध्या मी आठवड्याला दोन पानं वाचतो, बाळबोधीत उतरवतो आणि जाणकाराकडून तपासून घेतो. हिशेब फिटणार नाही, पण जमेच्या बाजूला काहीतरी पडतंय.

पुढच्या भागात दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरेला जाऊ, जिथे 1664 साली शहाजीराजांचा अंत झाला. तोवर घरातली जुनी ट्रंक एकदा उघडून पाहा.

जय हिंद.