शेवटच्या कडव्यातलं नाव

लावणी गायली कुणी, हे पारावरचं पोरही सांगतं. रचली कुणी, असं विचारलं की जाणती माणसंही एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागतात. या घोटाळ्याचं मूळ तबकडीत आहे असं माझं मत आहे, आणि ते पुस्तकं वाचून नव्हे, जुन्या कॅसेटी ऐकून झालेलं आहे.

माझी नोकरी रेल्वेत गार्डाची, दौंड-मनमाड लाइनवर. ही लाइन १८७८ साली सुरू झाली आणि भीमाकाठचं दौंड जंक्शन झालं. सासुरवाडी मात्र शिरूर तालुक्यातली, त्यामुळं भीमेच्या दोन्ही अंगांचा तमाशा माझ्या कानांवरून गेला. दोन्हीकडची तऱ्हा वेगळी. दौंडच्या बाजूला पुणे-सोलापूर रस्त्यावर केडगावजवळ चौफुला लागतो. न्हावऱ्यावरून येणारा शिरूरचा रस्ता तिथंच येऊन मिळतो. चौफुल्याच्या कला केंद्रांत संगीतबारी. पेटी, तबला, ढोलकी, चार-सहा बाया, समोर मोजके शौकीन. एकाच ओळीवर बाई दहा मिनिटं अदा करते, ओळ पुढं सरकतच नाही, आणि सरकावी असं कुणाला वाटतही नाही. शिरूरच्या अंगाला ढोलकीफडाचा तमाशा. यात्रेत कनात लागते, गण, गौळण, बतावणी, लावण्या आणि मग उजाडेपर्यंत वग. ढोलकीवाला कमरेला ढोलकी बांधून उभा, मागं तुणतुणं आणि झीलकरी.

आता हे सगळं तीन मिनिटांत बसवून दाखवा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात येऊन ध्वनिमुद्रणं करून गेला आणि आपल्याकडं तबकडीचं युग सुरू झालं. लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. मग कात्री लागायची. ढोलकीचा तोडा आखडला, झीलकऱ्यांची जी-जी आटोपती घेतली, अदा तर दिसणारच नव्हती. तरीही पुरेना, तेव्हा कडवी गळाली. आणि मागून गाळायला लागलं की पहिला बळी शेवटच्या कडव्याचा.

लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःचं नाव गुंफतो. रामजोशी, होनाजी बाळा, परशराम यांच्यापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत हीच रीत. कुणी नावाबरोबर गाव सांगतो, कुणी गुरूचं नाव घेतो. छापखाना नव्हता, तेव्हा मालकी हक्काचा कागद म्हणजे हे कडवं. ते गेलं की रचना बेवारस. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी असलेले बापूराव १९४५ साली पुण्यात हलाखीत गेले. त्यांच्या लावण्यांवर पुढच्या कित्येक फडांनी पोट भरलं, पण ऐकणाऱ्याला नाव ठाऊक असायचं ते फडावर पुरी लावणी ऐकली तरच.

असंच काहीसं सातासमुद्रापलीकडंही घडलं आहे. दौंडच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, नाताळात गिटारी निघायच्या. त्यांच्यातल्या एका ड्रायव्हरनं मला पहिल्यांदा ब्लूज ऐकवलं आणि मिसिसिपी जॉन हर्टची गोष्ट सांगितली. पुढं ती मी पडताळून घेतली. हर्ट हा मिसिसिपी राज्यातल्या अ‍ॅव्हलन नावाच्या खेड्यातला शेतमजूर. १९२८ साली त्यानं मेम्फिस आणि न्यूयॉर्कमध्ये ओके कंपनीसाठी थोडी गाणी मुद्रित केली. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ मंदी आली, आणि हा गडी परत रानात कामाला. पस्तीस वर्षं त्याच्याकडं कुणी फिरकलं नाही. पण एका गाण्यात त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं होतं. त्या धाग्यावरून टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणानं जुन्या नकाशात अ‍ॅव्हलन हुडकलं आणि १९६३ साली तिथं जाऊन पाहतो, तर म्हातारा हयात, बोटंही शाबूत. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हर्टनं गिटार वाजवली. १९६६ साली तो गेला, पण मधल्या तीन वर्षांत पुन्हा मुद्रणं झाली आणि जग त्याला ओळखू लागलं. गावाचं नाव असलेली ती ओळ कंपनीनं वेळ भरला म्हणून कापली असती, तर?

ब्लूज ऐकताना मला तुणतुणं आठवायचं. तिकडची पोरं घराच्या भिंतीला तार ठोकून तिच्यावर हात बसवायची, त्याला ‘दिडली बो’ म्हणतात. एकाच तारेवर सगळा कारभार. आपल्या तुणतुण्याची तारही एकच, आणि वाजवणारा सूर सोडत नाही म्हणून गाणारी भरकटत नाही. जुनं मुद्रण ऐकायला बसलात, तर गायिकेचा आवाज घटकाभर बाजूला ठेवा आणि मागं काय चाललंय तिकडं कान द्या. शाईवरची थाप कुठं आवळली, झीलकऱ्यांनी शेवटचं अक्षर किती लांबवलं, बाई श्वास घेईस्तोवर तुणतुण्यानं जागा कशी धरून ठेवली. या वादकांची नावं तर वेष्टनावर कधीच नसत.

सिनेमानं तीन मिनिटांची लावणी पक्की केली. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. मग फडावरच्या बायांनाही सिनेमातल्याच लावण्यांची फर्माईश होऊ लागली. वसंत पवार आणि राम कदम यांची मी थोरवी मानतो, पण फडासाठी नवं लिहिणाऱ्याचं त्यात मरण होतं.

तरी लिहिणारे लिहीत राहिले. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे त्याचं ठळक उदाहरण. गाव येमाई देवीचं, आणि गंगाराम कवठेकरांच्या फडामुळं तमाशात नाव झालेलं. याच गावात १९४७ साली मोमीन कुटुंबात बशीर जन्मले. पुढं ते बशीर मोमीन कवठेकर म्हणूनच ओळखले गेले. तमाशात गाव हेच आडनाव असतं. विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर, दत्तोबा तांबे शिरोलीकर. जातीचं विचारायच्या आत गाव कळतं, हे मला यातलं फार आवडतं. मोमीनांनी लावण्या लिहिल्या, गण-गौळणी लिहिल्या, पोवाडे आणि वग लिहिले. मुसलमान घरातला शाहीर गणाला गणपती आळवतो आणि गौळणीत कृष्णाला, याचं शिरूरच्या बाजारात कुणाला नवल वाटत नसे. ‘सारं हायब्रीड झालं’ हे त्यांचं गाणं मला पटकन आठवतं, कारण संकरित ज्वारी रानात आली तेव्हा भाकरीच्या चवीवरून आमच्या घरीही हेच वाक्य रोज निघे. शाहिरानं चुलीपुढची तक्रार उचलली आणि फडावर नेली. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, तोवर ते सत्तरीच्या घरात होते. २०२१च्या नोव्हेंबरात ते गेले. ‘कलावंतांच्या आठवणी’ हे त्यांचं पुस्तक. दुसऱ्यांच्या कलेची नोंद ठेवण्याची गरज या माणसाला वाटली, कारण नाव कसं पुसलं जातं ते त्यानं जवळून पाहिलं असणार.

कॅसेट आली तेव्हा मला वाटलं होतं, आता शाहिराचे दिवस फिरले. ऐंशीच्या दशकात ती इतकी स्वस्त झाली की मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि फडाचं गाणं एसटी स्टँडवरच्या टपरीत वाजू लागलं. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. पुरी लावणी मावते, वर बतावणीही. पण धंद्याला तीन मिनिटांची सवय जडली होती. एका बाजूला सात-आठ गाणी कोंबायची, वर गायिकेचा मोठा फोटो, आणि हयात शाहिराच्या रचनेपुढं ‘पारंपरिक’ असं छापून मोकळं व्हायचं. मानधन वाचतं. असली वेष्टनं माझ्या ट्रंकेत आहेत. कंपन्यांची नावं काढून आता उपयोग नाही, बऱ्याचशा बुडाल्या.

म्हणून बाजारी कॅसेटींपेक्षा गावकऱ्यांनी भरलेल्या कॅसेटी मला मोलाच्या वाटतात. आखातातून आणलेला टू-इन-वन कर्ण्यासमोर ठेवायचा आणि लाल बटण दाबून तमाशा बघत बसायचं. अशी एक माझ्याकडं आहे, मेव्हण्यानं शिरूर तालुक्यातल्या एका यात्रेत भरलेली. ओलाव्यानं फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती आणि दाबाची फेल्टची गादी गळून पडली होती. पाच स्क्रू काढून फीत दुसऱ्या कवचात घातली, कोरड्या मऊ फडक्यातून हळूहळू ओढून घेतली, तेव्हा आवाज निघाला. पहिली बाजू निम्मी जनरेटरच्या घरघरीत गेली आहे. दुसऱ्या बाजूला पठ्ठे बापूरावांची लावणी आहे, अख्खी. बाईचा आवाज रात्रीच्या जागरणानं बसलेला, खालच्या सुरात जरा फाटतो, पण ती एकही कडवं टाळत नाही. शेवटच्या कडव्याला ढोलकी एकदम थांबते, नुसतं तुणतुणं राहतं, आणि बापूरावांचं नाव स्वच्छ ऐकू येतं. झीलकरी ते नाव उचलून दोनदा घोळवतात, कनातीतून शिट्ट्या येतात, ढोलकी पुन्हा कोसळते. तेवढ्यात माईकवरून सूचना होते, की देवळाच्या वाटेत ज्याची एम-एटी उभी आहे त्यानं ती ताबडतोब काढून घ्यावी.