झांगलाची खोली आणि आमचा रविवारचा वर्ग

लडाखमधल्या माझ्या दुसऱ्या पोस्टिंगची ही गोष्ट. गावाचं नाव आणि साल सांगत नाही. नेहमीच्या वाचकांना त्याचं कारण ठाऊक आहे. सिंधूकाठी तीसेक घरं, जवाची शेतं, टेकडीवर छोटासा गोन्पा आणि खाली सरकारी शाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी शाळा बंद असते, कारण वर्गात शाई गोठते. त्या तीन महिन्यांत दर रविवारी गावच्या सामायिक खोलीत इंग्रजी शिकवायचं मी कबूल केलं. मुलं येताना घरून एकेक गोवरी किंवा सरपणाचा तुकडा आणायची. तीच फी, आणि त्यावरच बुखारी पेटायची. सीओ साहेबांची अट एकच होती, ड्यूटी चुकता कामा नये.

मी का कबूल केलं, ते आधी सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलो. औरंगाबादच्या एसपीआयमधून खडकवासल्याला एनडीएत गेलो, तेव्हा पळणं, पोहणं, रगडा, सगळं जमलं, पण जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्याकडे मीठ मागायला मला आधी मनात वाक्य जुळवावं लागे. ते जुळेपर्यंत जेवण संपलेलं असे. आमच्या एका सरांनी ते पाहिलं आणि एक अख्खी टर्म आठवड्यातून दोनदा, स्वतःच्या वेळातला अर्धा तास मला दिला. वर्तमानपत्रातली एक बातमी वाचायची आणि पुस्तक मिटून तीच बातमी स्वतःच्या शब्दांत सांगायची, एवढंच. त्या अर्ध्या तासाचा कोणी त्यांना पगार दिला नव्हता. ते देणं माझ्या डोक्यावर वीस वर्षं होतं.

पण इंग्रजी शिकवायला लडाखात आलेला मी काही पहिला नव्हतो. मुळात इंग्रजी इथे पोचली कशी, ते पाहायला गेलो तर गोष्ट दोनशे वर्षं मागे जाते, आणि तिची सुरुवात शिकवण्याने नाही, शिकण्याने होते.

द्रास म्हटलं की आपल्याला १९९९ आठवतं, तोलोलिंग आठवतं. याच द्रासच्या रस्त्यावर जुलै १८२२ मध्ये दोन परके माणसं भेटली. एक विल्यम मूरक्रॉफ्ट, ईस्ट इंडिया कंपनीच्या घोड्यांच्या पैदास केंद्राचा अधीक्षक. फौजेसाठी चांगले घोडे मिळावेत म्हणून तो बुखाऱ्याच्या वाटेवर होता. दुसरा शांदोर चोमा, ट्रान्सिल्व्हेनियातल्या कोरोश गावचा हंगेरियन. आपल्या हंगेरियन लोकांचं मूळ आशियात कुठे सापडतं का, ते शोधायला बहुतेक वाट पायी तुडवत तो इथवर आला होता. मूरक्रॉफ्टने त्याला सुचवलं की तिबेटी भाषा शीक आणि तिचा इंग्रजी कोश कर. चोमाला ते पटलं. आपल्या लोकांचं मूळ त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही, पण हे काम मात्र त्याने जन्मभर केलं.

१८२३ च्या उन्हाळ्यात तो झांस्करमधल्या झांगला गावी पोचला आणि सांग्ये फुन्त्सोग नावाच्या लामाकडे शिकू लागला. झांगला पदुमपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. सुट्टीत मी तिथे गेलो होतो. गावावरच्या उघड्याबोडक्या कड्यावर राजाचा जुना मातीचा वाडा आहे आणि त्यात चोमाची म्हणून दाखवतात ती खोली. चोमाला पुढे भेटलेल्या डॉक्टर जेरार्डने लिहून ठेवलंय, की नऊ फूट लांब आणि नऊ फूट रुंद जागेत चोमा, लामा आणि एक नोकर हिवाळ्याचे तीन-चार महिने अडकून होते. शेकोटी नाही, अंधार पडल्यावर दिवा नाही. मेंढीच्या कातड्यात गुरफटून, हात काखेत दाबून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचन. मी त्या खोलीत सप्टेंबरमध्ये, फौजेचा जाड कोट घालून, दहा मिनिटं बसलो आणि बाहेर आलो.

चोमाचा कोश आणि व्याकरण १८३४ मध्ये कलकत्त्याला छापलं गेलं. सरकारकडून त्याला महिना पन्नास रुपये मिळायचे. पण मला त्या कोशाचं पहिलं पान सगळ्यात जास्त आवडतं. झांस्करच्या विद्वान लामाच्या, सांग्ये फुन्त्सोगच्या, मदतीने हे काम झालं, असं तिथे नावानिशी छापलंय. त्या काळात साहेबांच्या पुस्तकांत मुन्शीचं, पंडिताचं नाव सहसा प्रस्तावनेच्या तळाशी जायचं, किंवा जायचंच नाही. आणि चोमाला इंग्रजी तरी कुठे घरची होती? एका हंगेरियनाने एका झांस्करी लामाला सोबत घेऊन परक्या भाषेत केलेलं ते काम. सातारकराने लडाखी पोरांना इंग्रजी शिकवण्यात तेव्हा काही विपरीत नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नंतर आले मोरावियन मिशनरी. लाहौलमधल्या केलाँगला ते १८५६ पासून होते. तिथल्या येश्कने चोमाच्या कामावर पुढचा मजला चढवला आणि १८८१ मध्ये नवा तिबेटी-इंग्रजी कोश काढला. लेहला त्यांचं ठाणं १८८५ ला झालं. तिथे शाळा निघाली, दवाखाना निघाला. दवाखान्याच्या डॉक्टरचं नाव कार्ल मार्क्स होतं. तो मार्क्स नव्हे. ठाणं उभं करणारा रेड्सलॉब आणि हा डॉक्टर, दोघेही १८९१ मध्ये लेहलाच गेले. पुढे फ्रांके आला. त्याने लडाखचा इतिहास लिहिला आणि १९०४ मध्ये इथल्याच लिपीत एक वृत्तपत्र काढलं. धर्म बदलणारे थोडेच निघाले, पण मिशनच्या बायकांनी शिकवलेले लोकरी मोजे लेहच्या बाजारात आजही विकले जातात. ही माणसं राहिली. काही तर परत गेलीच नाहीत.

सरकारी शाळांची कहाणी निराळी. जम्मू-काश्मीर संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फारसीच्या जागी उर्दू आणली, आणि लडाखी मूल शंभर वर्षं या वाटेने गेलं: घरी लडाखी, शाळेत उर्दू, आणि नववीला एकदम सगळे विषय इंग्रजीत. निकाल ठरलेलाच. १९८८ मध्ये काही लडाखी तरुणांनी ‘सेक्मॉल’ ही संस्था काढली, तेव्हा इथल्या सरकारी शाळांतली शंभरातली पंच्याण्णव मुलं मॅट्रिकला आपटत होती. मुलं मठ्ठ नाहीत, भाषा आणि पुस्तकं परकी आहेत, असं या तरुणांचं म्हणणं होतं. त्यांनी शिक्षकांना आणि गावकऱ्यांना हाताशी धरलं, १९९४ पासून सरकारही सोबत आलं, आणि निकाल निम्म्याच्या वर गेले. लेहजवळ फे गावी त्यांचं विद्यालय आहे. तिथे नापास झालेल्यांना आधी घेतात, आणि देशोदेशीचे स्वयंसेवक येऊन त्या मुलांशी नुसत्या इंग्रजीत गप्पा मारतात. कोणी सोडवावं असं इंग्रजीचं कोडं तिथे नाही, फक्त बोलायला माणूस हवा असतो.

आता आमच्या रविवारकडे येतो.

पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘देअर इज अ याक ऑन द हिल’. अर्थ सांगितला, टेकडीवर याक आहे. मुलांची आपसात कुजबुज सुरू झाली. शेवटी नववीतली एक मुलगी उभी राहिली. “गेर्गन-ले, दुक की योत?”

गेर्गन म्हणजे गुरुजी, ‘ले’ हा आपल्या ‘जी’सारखा. पण प्रश्न कळला नाही. तो मला वर्गानेच शिकवला. लडाखीत ‘आहे’ एक नसतं. माझ्या घरात चहा आहे, मला तो ठाऊक आहे, तर ‘योत’. तुमच्या घरी आलो आणि चहा डोळ्यांनी दिसला, तर ‘दुक’. दिसला नाही, नुसता वास आला, तर ‘रक’. आणि कोणाकडून नुसतं ऐकलं असेल, तर वाक्याच्या शेवटी ‘लो’. तुझ्या इंग्रजीतला ‘इज’ यांतला कुठला, असं ती पोर विचारत होती. तू तो याक पाहिलास का?

मी खडू खाली ठेवला. पंधरा वर्षं मी पेट्रोल रिपोर्ट लिहीत आणि तपासत आलो होतो. आमच्याकडे यावरच सगळं उभं असतं: पोस्टने स्वतः पाहिलं, की आवाज ऐकला, की मेंढपाळ सांगतो? या एका फरकावर माणसं जगतात आणि मरतात. जी गोष्ट मी तरुण लेफ्टनंटांना रागावून शिकवायचो, ती इथली चार वर्षांची पोरं व्याकरणातच घेऊन हिंडतात. इंग्रजीने त्यांच्याकडून ती काढून घेऊ नये म्हणून मग आम्ही एक खेळ केला. प्रत्येक इंग्रजी वाक्यापुढे सांगायचं: आय सॉ, आय नो, आय हर्ड. ‘लो’ला मला फार डोकं लढवावं लागलं नाही. आपला ‘म्हणे’ आहेच. “राजा आला, म्हणे.”

त्याच खोलीत एकदा गोन्पातले म्हातारे लामा येऊन बसले. मी ‘नाइफ’मधला ‘के’ लिहायचा, बोलायचा नाही, असं सांगत होतो. ते खो खो हसले. त्यांच्या लिपीतही कितीतरी अक्षरं नुसती स्वार होऊन बसतात, तोंड उघडत नाहीत. मुलांना त्यानंतर स्पेलिंगचं भय उरलं नाही. मी महिनाभर समजावून जे झालं नसतं, ते त्या हसण्याने झालं.

दुसऱ्या हिवाळ्याच्या मध्याला माझी बदली आली. शेवटच्या आधीच्या रविवारी मी वर्गाला सांगितलं. रडारड वगैरे झाली नाही. ‘दुक की योत’ विचारणारी तीच मुलगी म्हणाली, “पुढचे साहेब परत ‘माय नेम इज’पासून सुरू करतील ना?” मग तिने बोटांवर मोजलं. पाचवीपासून तिला चार जणांनी हौसेने इंग्रजी शिकवली होती. दोन फौजी, एक शहरातली ताई, एक परदेशी पाहुणा. चौघांनीही ‘माय नेम इज’पासून सुरुवात केली आणि कोणीही भूतकाळापर्यंत पोचला नाही. पाचवा मी. तिची मॅट्रिक तोंडावर होती.

हे ऐकून वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. मी एक बंदूक सोपवताना सही घेतो. एका काडतुसाचा हिशेब लागला नाही तर रात्रभर कोणी झोपत नाही. आणि बावीस मुलांचा वर्ग मी नुसता हात हलवून सोडून निघालो होतो. त्यांनी मला भरपूर दिलं होतं, माझं जुनं देणंही फिटल्यासारखं वाटत होतं. पण फिटलं ते माझं. तिच्या पदरात काय पडलं? पाचव्यांदा ‘माय नेम इज’.

उरलेल्या दहा दिवसांत मी माझ्या धंद्याला येतं तेच केलं. एक रजिस्टर आखलं. प्रत्येक मुलाचं एक पान: काय येतं, कुठे अडखळतं, कोणता धडा झाला, कोणाला बोलायला लाज वाटते आणि लिहायला नाही. हॅन्डिंग ओव्हर नोट्स, जशा आम्ही स्टोअरच्या देतो. पण त्या पुढच्या फौजी साहेबाच्या नावे केल्या नाहीत, कारण तोही बदलून जाणार. गावात बारावी झालेली एक तरुणी होती, घरी जवाची शेती बघायची. तिला आणि हेडमास्तरांना बोलावलं. आपलं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून ती नको नको म्हणाली. मी तिला माझी मीठ मागण्याची गोष्ट सांगितली, झांगलाच्या खोलीचीही सांगितली. “तुम्ही इथून कुठे जाणार नाही, हे तुमचं सगळ्यात पक्कं इंग्रजी आहे,” असंही म्हणालो. ती हसली आणि रजिस्टर घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परत आली ती त्यातल्या लडाखी नावांच्या माझ्या सात चुका दुरुस्त करून.

चोमाचा कोश म्हणजे तरी काय होतं? हॅन्डिंग ओव्हर नोट्सच. म्हणून येश्कला पुन्हा ‘क’पासून सुरुवात करावी लागली नाही. इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना, आणि सुट्टीत डोंगरात शिकवायला जाऊ का असं मला विचारणाऱ्या तुमच्यासारख्या वाचकांना, म्हणूनच मी जा असंच सांगतो. मिळतं ते भरपूर मिळतं आणि बहुतेक आपल्यालाच मिळतं. जाताना एक कोरी वही मात्र न्या, आणि निघताना ती गावातल्याच कोणाच्या तरी हातात ठेवा, सही घेऊन.

ती मुलगी मॅट्रिक झाली. तिचा निकाल मी स्वतः पाहिला, त्यामुळे ते ‘दुक’. रविवारचा वर्ग अजून चालतो आणि रजिस्टरची दुसरी वही सुरू झाली आहे, असं त्या भागात नुकताच राहून आलेला एक अधिकारी सांगत होता. मी पाहिलेलं नाही. तेव्हा ते सध्या ‘लो’मध्येच राहू द्या. चालतो, म्हणे.