कळपांचे रक्षण आणि राळेगणसिद्धीचा धडा

समाजाचा इतिहास लिहावयास बसले की राजे, सरदार आणि लढाया यांचेच स्मरण प्रथम होते. परंतु ज्या मेंढरांच्या जिवावर आपल्या पूर्वजांचा प्रपंच चालला, त्या मुक्या धनालाही इतिहास आहे, आणि त्यातील सर्वांत करुण प्रकरणे साथीच्या रोगांची आहेत. त्यांची थोडक्यात ओळख समाजबांधवांस व भगिनींस करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

मेंढपाळाचा कळप हीच त्याची पेढी. लेकीचे लग्न, मुलाची फी, दुखणेबाणे, सारे त्यातूनच निभावते. अशा कळपात मेंढ्यांची देवी किंवा शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी, म्हणजे ज्यास पशुवैद्य पीपीआर म्हणतात तो रोग, शिरला की थोड्याच दिवसांत वाघर ओस पडते. पीपीआरमध्ये प्रथम ताप चढतो, नाकाडोळ्यांतून पाणी गळते, तोंडात व्रण पडतात, मग हगवण व फुप्फुसदाह होऊन जनावर दगावते. हे दोन्ही रोग विषाणूंचे असल्यामुळे त्यांवर नेमके औषध नाही. लस टोचून ते आधीच टाळणे, हाच खरा उपाय होय.

या उपायाच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मानाचे आहे. जनावरांच्या रोगांचा अभ्यास करणारी शाही प्रयोगशाळा 1889 साली पुण्यातच स्थापन झाली. पुढे 1893 मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. तेथे गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एडवर्ड्स नामक शास्त्रज्ञाने गाईबैलांच्या बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या शरीरात पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला व त्यापासून लस सिद्ध केली. 1954 साली देशव्यापी मोहीम सुरू झाली, 1995 नंतर भारतात बुळकांडी आढळली नाही, आणि 2011 मध्ये ती साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. मनुष्याच्या देवीनंतर पृथ्वीवरून हद्दपार झालेला हा दुसरा रोग. गाईबैलांस वाचविणारी ती लस शेळीच्या देहातून आली, याचे आम्हांस मोठे अप्रूप वाटते.

शेळ्यामेंढ्यांच्या वाट्याला मात्र हे भाग्य उशिरा आले. पीपीआरचे पहिले वर्णन 1942 साली आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशात झाले. भारतात तो 1987 मध्ये तामिळनाडूत ओळखला गेला. पुढे हिमाचल प्रदेशातील सुंगरी येथे 1996 साली मिळालेल्या विषाणूपासून मुक्तेश्वरच्याच शास्त्रज्ञांनी लस तयार केली. एका टोचणीने निदान तीन वर्षे, म्हणजे बहुतेक शेळ्यामेंढ्यांस जवळजवळ जन्मभर संरक्षण मिळते. कर्नाटक व आंध्र प्रदेशात सामूहिक लसीकरणानंतर साथी पुष्कळ घटल्या. 2030 पर्यंत हा रोग जगातून नष्ट करण्याचा संकल्प 2015 साली आयव्हरी कोस्टमधीलच आबिजान शहरी सोडण्यात आला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पारनेर तालुका पर्जन्यछायेचा. येथील राळेगणसिद्धी गावात 1975 पासून श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामे झाली आणि श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व कुटुंबनियोजन ही पंचसूत्री गावाने पाळली. चराईबंदीने डोंगर हिरवे झाले, विहिरींस पाणी आले, हे सर्वमान्य आहे. तथापि मेंढपाळाने येथे एक गोष्ट न्याहाळावी. चराईबंदी यशस्वी झाली, कारण ती साऱ्या गावाने पाळली. चार घरांनी पाळून दहा घरांनी मोडली असती, तर गवताची काडी उरली नसती.

लसीकरणाचाही न्याय हाच. शंभरातील सत्तर-ऐंशी जनावरे सुरक्षित झाली तरच साथीची वाट तुटते. एकाच वाड्यातील निम्मी मेंढरे टोचली व निम्मी राहिली, तर रोगास घर मिळतेच. त्यातही आपली अडचण निराळी आहे. गावाला ग्रामसभा असते, फिरत्या कळपाला ती नसते. दिवाळीनंतर वाडे घाट उतरून कोकणाकडे जातात. त्यांच्या पाठीमागे गावात लस आली, तर तिचा लाभ घरी राहिलेल्या चार शेळ्यांनाच होतो. शिवाय एकामागून एक गायराने बंद होऊ लागली की उरलेल्या कुरणांवर व पाणवठ्यांवर अनेक कळप एकत्र येतात, आणि श्वासाने पसरणाऱ्या रोगास तेथेच संधी मिळते. म्हणून ज्यांची चराई बंद होते, त्यांच्या कळपांस लस वेळेवर मिळणे, हे दानधर्माचे नव्हे, न्यायाचे काम आहे.

आमची संघटनेस नम्र सूचना अशी : प्रत्येक तालुक्यातील वाड्यांची यादी करावी, कळप निघण्यापूर्वी व पावसाळ्याच्या तोंडावर परतल्यावर लसीकरणाचे दिवस पशुवैद्यकीय दवाखान्यांकडून ठरवून घ्यावेत, आणि लस बर्फातून आली आहे ना, हे शिकलेल्या मुलांनी पाहावे. तीन-चार महिन्यांवरील एकही कोकरू वा करडू सुटू देऊ नये. राळेगणसिद्धीने एकमताने पाणी अडविले. आपण एकमताने रोग अडवावा, म्हणजे पुढच्या पिढीस बुळकांडी हा शब्द केवळ इतिहासाच्या पुस्तकातच वाचावा लागेल.