इजारा, मक्ता आणि फ्रँचायझी : वऱ्हाडातील एका व्यवहाराचा शब्देतिहास

नोकरी नको, पण सर्वस्वी नवा धंदा उभारण्याचे साहसही नको, असे वाटणारा मनुष्य दुसऱ्याच्या प्रस्थापित नावाचा व पद्धतीचा अधिकार विकत घेतो. आरंभी ठरीव रक्कम भरतो, पुढे बहुधा विक्रीतील हिस्सा देतो आणि उरेल तो नफा आपला मानतो. या व्यवहारास आज ‘फ्रँचायझी’ म्हणतात. शब्द नवा आहे. परंतु मोल देऊन अधिकार घ्यावा व त्यावर उपजीविका करावी, ही कल्पना वऱ्हाडास नवी नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘नोकर’ हा शब्द फारसीतून आला. त्याचे मूळ मंगोल भाषेत असून तेथे त्याचा अर्थ ‘साथीदार’ असा होता. ‘मक्ता’ अरबीतील ‘कापणे’ या अर्थाच्या धातूपासून झाला. सरकारी उत्पन्नातून तोडून दिलेला भाग, हा त्यातील आशय होय. ‘इजारा’ ज्या अरबी धातूपासून निघाला, त्यापासूनच मजुरीवाचक ‘अजुरा’ हा शब्दही निघाला. म्हणजे मोल घेऊन राबणे आणि मोल देऊन अधिकार मिळविणे, हे दोन्ही अर्थ एकाच मुळातून फुटले आहेत. ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आला. ‘फ्रँचायझी’च्या मुळाशी असलेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ तर ‘मोकळीक’ असा आहे.

या मोकळिकीची मर्यादा वऱ्हाडच्या इतिहासात स्पष्ट दिसते. निजामाच्या अमदानीत, दिवाण चंदुलाल याच्या काळी, वऱ्हाडच्या मोठ्या भागाचा वसूल हैदराबादचा सावकार पुरणमल याच्याकडे मक्त्याने होता. 1839 मध्ये त्यास दूर करण्यात आले. त्यानंतर पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीचा संबंध आला. या पेढीने 1825-26 च्या सुमारास वऱ्हाडातून मुंबईस मोठ्या प्रमाणावर कापूस पाठविण्यास आरंभ केला होता. कापूस पिकविणाऱ्यांना आगाऊ रकमा दिल्या होत्या आणि खामगाव येथे गठ्ठे बांधण्याचे दाबयंत्र बसविले होते. सरकारला दिलेल्या कर्जाच्या फेडीसाठी 1841 मध्ये तिला वऱ्हाडातील वसूल तोडून देण्यात आला. 1843 मध्ये चंदुलाल पदावरून गेला आणि 1845 मध्ये पेढीस ते प्रांत सोडावे लागले. भांडवल मक्तेदाराचे होते. शेवटचा शब्द मात्र अधिकार देणाऱ्याचा राहिला.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे आला. 1865 च्या पडीत जमिनीविषयीच्या नियमांन्वये ओसाड गावे लागवडीस आणण्यासाठी दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने देण्यात आली. येथे मुदत व अटी आधीच लिहिलेल्या होत्या, हा मोठाच फरक होय. यवतमाळ-वाशीम भागातील काही गावांच्या नावांपुढे ‘इजारा’ हे पद आजही टिकून आहे. वाशीम जिल्ह्यातील मालेगावासही ‘मालेगाव जहांगीर’ म्हणतात. त्यातील उत्तरपद बादशहाच्या नावाशी नव्हे, तर ‘जहागीर’ या शब्दाशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरते.

अर्थात जुना मक्ता व आजची फ्रँचायझी एकच नव्हेत. मक्तेदार रयतेकडून सक्तीने वसूल करी. आजच्या दुकानदारास गिऱ्हाईक आपखुशीने यावे लागते. ‘मक्तेदारी’ या शब्दास आज आलेला ‘एकाधिकार’ हा अर्थही त्यास लागू पडेलच असे नाही. शेजारच्या गल्लीत त्याच नावाचे दुसरे दुकान निघू शकते. तथापि जोखीम घेणाऱ्याने नफ्याबरोबर मुदत, क्षेत्र व करार मोडण्याच्या अटी पाहाव्यात, हा जुना धडा कायम आहे. भारतात या व्यवहारासाठी स्वतंत्र कायदा नाही. तो मुख्यतः 1872 च्या करार कायद्याच्या आधारे चालतो. म्हणून करारपत्रातील शब्दांचे महत्त्व अधिकच वाढते. समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातून गेल्यावर तेथील तरुणांपुढे असे प्रस्ताव येणे स्वाभाविक आहे. त्यांनी नोकरीऐवजी हा मार्ग अवश्य निवडावा. मात्र आपण धंदा विकत घेत आहोत की धंदा करण्याची केवळ मुदतबंद परवानगी, एवढे आधी ठरवावे.